हरणां लावायची तर शेणखत बाजूला ठेवा

म्हापशाच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं माहेर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं. लहानपणी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी आई कातळाच्या सड्यावर जाऊन हरणां नावाच्या रानझाडाची पिवळी फुलं आणायची आणि ती माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या रानफळा-फुलांच्या चौकटीला, बांधल्याशिवाय माटोळी पुरी झाली असं कोणी म्हणत नसे. आता बाजारात छोट्या जुडीला भलते पैसे पडतात, आणि जुडी सोडली तर आत मुळासकट उपटलेली झाडं निघतात. दोन वर्षं त्यांनी सड्यावरून रोपं मातीच्या गड्ड्यासकट आणली, कुंडीत शेणखत घालून लावली. दोन्ही वेळा आठवड्याभरात गेली. गच्चीवर हरणां होतील का, आणि झाली तर चवथीला फुलतील का, असं त्या विचारतात.

ताई, होतील. तुमची रोपं मेली ती हयगयीने नव्हे, लाडाने. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी रोपवाटिका चालवतो आणि त्यातली पहिली चार वर्षं मीही हरणां अशीच मारली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्याला हरणां म्हणतो त्याला घाटावर सोनकी म्हणतात. सूर्यफुलाचं कुळ, म्हणजे झेंडू, शेवंती, माका, एकदांडी यांचं भावकीतलं झाड. प्रजातीचं नाव सेनेसिओ. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा. बी पिकलं की फुलाच्या जागी पांढऱ्या केसांचा झुपका येतो, त्यावरून हे नाव पडलं. एकट्या सेनेसिओत जगभर हजाराहून जास्त जाती आहेत. आपल्या सड्यांवरची हरणां म्हणजेही एकच एक जात नव्हे. शास्त्रीय नावांत एकीच्या वाट्याला मुंबई आली आहे आणि दुसरीच्या वाट्याला बेळगाव. गोव्याच्या वाट्याला काही आलं नाही, पण माटोळीत मान दिला तो आपणच. लागवडीच्या दृष्टीने या जातींत मला फारसा फरक दिसलेला नाही, तेव्हा तुमच्या गावच्या सड्यावर जी येते तीच धरा.

आता फूल एकदा नीट बघा. तुम्ही ज्याला एक फूल म्हणता ती अख्खी पंगत आहे. कडेला ज्या पिवळ्या पाकळ्या दिसतात त्यातली प्रत्येक पाकळी हे एकेक स्वतंत्र फूल, आणि मधली गादी म्हणजे नळीसारख्या बारीक फुलांची दाटी. ही गादी कडेकडून आत फुलत जाते. भिंग असेल तर सकाळी नऊच्या सुमारास, ऊन पडल्यावर बघा: बाहेरच्या रांगेतून दुभंगलेली पिवळी जीभ वर आलेली असते आणि आतल्या कळ्या अजून मिटलेल्या असतात. हे सांगण्याचं कारण फुलाचं कौतुक एवढंच नाही. माटोळीसाठी फूल कधी तोडायचं आणि बियाण्यासाठी कुठलं ठेवायचं, हे या गादीवरूनच ठरतं.

आधी ते झाड राहतं कुठे ते बघू. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, आपल्या भाषेत चिऱ्याचं रान. त्यावर माती असलीच तर बोटभर, फार तर वीतभर, तीही खळग्यांत आणि भेगांत. पणजीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून बराच जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. एवढं पाणी डोक्यावरून जातं, पण कातळ सपाट दिसला तरी त्याला उतार असतो, त्यामुळे हरणांच्या मुळाशी पाणी तुंबून राहत नाही. ज्या खळग्यांत तुंबतं तिथे वेगळीच झाडं असतात, हरणां नसतात. ती असतात किंचित उंचवट्यावर, खुरट्या गवतात. तिथली माती आम्लधर्मी, स्फुरद नावापुरतं, सावली शून्य. आणि ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने तोच कातळ असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. हरणां पावसात उगवतं, फुलतं, बी टाकतं, आणि पाऊस सरला की वाळून मोकळं होतं. उन्हाळा त्याच्या नशिबी नाहीच. उन्हाळा काढतं ते बी.

अशा झाडाला तुम्ही अर्धी कुंडी शेणखत दिलंत. शेणखताने माती भुसभुशीत होते, पाणी धरते, जुलैच्या झडीत ओलीगच्च राहते आणि मूळ कुजतं. समजा कुजलं नाही, तरी झाड हातभर लांब, मऊ, हिरवंगार वाढतं आणि पहिल्या वाऱ्याला आडवं होतं. माझ्याकडे एका वर्षी गांडूळखताच्या वाफ्यात अशी हरणां आली होती की बघणाऱ्याने वाहवा म्हणावं. चवथीला त्यावर मोजून सहा फुलं होती. शेजारीच वाटेवर, चिऱ्यांच्या फटीत आपसूक उगवलेलं वीतभर झाड पिवळंधमक.

दुसरी चूक फुलावर आलेलं झाड उपटून आणण्याची. कातळाच्या भेगेत शिरलेलं मूळ अखंड कधीच निघत नाही. हाती येतो तो गड्डा दिसायला मोठा असतो, पण पाणी ओढणारी बारीक मुळं भेगेतच राहतात. तेव्हा रोप आणायचंच नाही, बी आणायचं. वनखात्याच्या अभयारण्यातून तेही नाही. म्हादई असो, नेत्रावळी असो, तिथून पानसुद्धा उचलायला कायदा आडवा येतो. बाकीचा सडा कोणाचा तरी असतो, कोमुनिदादचा म्हणजे गावकीचा, देवस्थानाचा, भाटकाराचा म्हणजे जमीनदाराचा. विचारून घ्या. बियांसाठी विचारणाऱ्याला मला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही, फक्त वेड्यात काढलं.

बी गोळा करायची वेळ चुकली की वर्ष गेलं. ऑक्टोबरात संध्याकाळचा गडगडाटी पाऊस अजून येत असतो, आणि एक सर झाली की पिकलेले झुपके भिजून एकमेकांना चिकटतात. मी दोन-तीन दिवस कोरडे गेले की सकाळी दहा-अकराला जातो. दव उडालेलं असतं, वारा सुटलेला नसतो. जो झुपका पांढरा, फुललेला, हात लावताच सुटतो तोच घ्यायचा. मिटलेला किंवा हिरवट देठाचा घरी आणून पिकत नाही. एका झाडाचे दोन-तीन झुपके घ्यायचे, बाकीचे वाऱ्याला ठेवायचे. पिशवी कागदाची न्या. प्लास्टिकच्या पिशवीत केस तिला चिकटतात आणि बी घरी जाईस्तोवर घामेजतं.

घरी आल्यावर चिमूटभर बी पांढऱ्या कागदावर घ्या आणि नखाने एकेक दाबून बघा. भरलेलं बी बारीक, लांबट, तपकिरी, नखाखाली टणक लागतं. पोकळ असेल तर चपटं होतं. पोकळ बरीच निघतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एकट्यादुकट्या झाडाचं बी जास्त पोकळ निघतं असा माझा अनुभव आहे, म्हणून बियाण्यासाठी मी दहा-पंधरा झाडं एका जागी ठेवतो, म्हणजे मधमाश्या आणि माशा एकावरून दुसऱ्यावर जातात. चाळून, पाखडून केस काढायच्या भानगडीत पडू नका, केसांसकट पेरलं तरी चालतं.

साठवण वर्तमानपत्राच्या पुडीत, पुडी पत्र्याच्या डब्यात, डबा स्वयंपाकघराच्या फळीवर. फ्रीजमध्ये ठेवू नका. विलायती फुलांच्या पुस्तकांत बियांना थंडी द्यायला सांगतात, ती तिकडच्या बर्फातल्या झाडांसाठी. आपल्या हरणांचं बी मार्च-एप्रिल-मे तापलेल्या कातळावर काढतं. मी एकदा एकाच पुडीचे दोन भाग करून एक फ्रीजमध्ये आणि एक ओटीवरच्या फळीवर ठेवला होता. फळीवरचा आधी आणि दाट उगवला. एकदाच केलेला प्रयोग आहे, पण तेव्हापासून फ्रीजमध्ये मासळीच ठेवतो.

भांडं कुठलं? खोल कुंडी नको. मातीचा परळ, म्हणजे पसरट थाळी, घ्या, किंवा विटा रचून गच्चीच्या कोपऱ्यात चार-पाच बोटं खोल वाफा करा. तळाला भोकं हवीत, एक नव्हे पाच-सहा. भरायला दोन भाग चिऱ्याचा चुरा आणि एक भाग साधी लाल माती. चिरे कापतात त्या खाणीवर किंवा घर बांधताना गवंडी चिरे तासतात तिथे हा चुरा पडलेला असतो, लोक उलट न्या म्हणतात. पिठासारखी भुकटी चाळून काढून टाका, ती सिमेंटसारखी बसते. ज्वारीच्या दाण्याएवढी खडी ठेवा. नदीची रेती शोधत फिरू नका, तिचं इथे काही काम नाही. खत काही नाही. पुन्हा लिहितो, काही नाही. कोंबडीचं, बकऱ्याचं, निंबोळी पेंड, स्वयंपाकघरातलं कंपोस्ट, काहीही नाही. परळाच्या एका बाजूखाली चिऱ्याची कपची सरकवून तो जरा तिरका ठेवा. सड्याचा उतार तो हाच.

पेरणी मिरगाला. पाऊस दोन-तीन दिवस नीट लागला, खडी आतपर्यंत भिजली, की बी वर नुसतं भुरभुरायचं आणि तळहाताने दाबायचं. मातीआड गाडायचं नाही, बी बारीक आहे. खरी अडचण पुढे येते: आपला जूनचा पाऊस बी धुवून गच्चीच्या नळीतून खाली नेतो. त्यावर मी उपाय करतो तो जुन्या सुतळीच्या पोत्याचा. एक थर परळावर अंथरायचा, कडेला चार खडे. आठव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघायचं, हिरवे ठिपके दिसले की त्याच दिवशी काढायचं. एक दिवस जरी जास्त राहिलं तरी रोपं त्या पोत्यातून वर येतात आणि पोतं काढताना उपटून येतात. परसू असेल तर याहून सोपं आहे. जुन्या गडग्यावर, म्हणजे दगड रचलेल्या कुंपणावर, जुलैत शेवाळ चढतं, त्यावर बी चिमटीने दाबून द्या. शेवाळ बी धरून ठेवतं, ओल ठेवतं आणि गडगा पाणी तुंबू देत नाही. माझी आजची सगळ्यात चांगली हरणां गडग्यावरची आहेत. परळातली गच्चीवाल्या लोकांना दाखवण्यापुरती.

उगवल्यावर दोन गोष्टी सांभाळा. पहिली गोगलगाय. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत परळ साफ करते. औषधं टाकून दमलो. आता रात्री आठला टॉर्च आणि बादली घेऊन फेरी मारतो, तेवढंच चालतं. दुसरी गोष्ट ओळख. दोन-चार पानांचं असताना एकदांडी आणि हरणां यांत फसायला होतं. एका वर्षी मी अख्खा परळ मोठ्या मायेने निगराणी करून वाढवला आणि ऑगस्टात त्याला एकदांडीची फुलं आली. बायको अजून आठवण काढते. शंका असेल तर उपटू नका, सहा-सात पानं येऊ द्या. एकदांडीचं पान खरबरीत, केसाळ, दातेरी होत जातं, मग चूक होत नाही.

रोपं तीन-चार बोटं उंच झाली की विरळणी करा. वीतभर अंतरात तीन-चार झाडं पुरेत. या वयात ती हलवता येतात, पण पावसाळी ढगाळ दिवशी, संध्याकाळी, चमच्याने खडीसकट उचलून. त्यानंतर काम उरत नाही. पाणी आकाशातून. ऑगस्टात पाच-सात दिवस उघडीप पडली आणि पानं दुपारी मान टाकून संध्याकाळी परत उभी राहिली तर काही करू नका. सकाळीही मान खाली असेल तर एक तांब्या द्या. ऊन मात्र दिवसभराचं हवं. पत्र्याच्या शेडखाली किंवा माडाच्या सावलीत ठेवली तर पानं येतील, फुलं नाहीत.

आता चवथ. इथे मी तुम्हाला पूर्ण शब्द देऊ शकत नाही, कारण चतुर्थी तिथीवर येते आणि झाड पावसावर. 2023 ला चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला. तीन आठवड्यांहून जास्त फरक पडला. सड्यावर हरणांचा भर सप्टेंबरात असतो. चतुर्थी उशिरा असेल तर मिरगाची पेरणी आरामात साधते. लवकर असेल तर मी मेच्या मध्यावर, शेडखाली परळ ठेवून, झारीने पाणी देऊन रोपं उगवून घेतो आणि पाऊस स्थिरावला की उघड्यावर काढतो. त्याने फुलं आठ-दहा दिवस आधी येतात. त्याहून अलीकडे ओढायचा प्रयत्न केला, जमला नाही. आणि लवकरच्या चवथीला सड्यावरही पहिलीच फुलं असतात, म्हणूनच त्या वर्षी बाजारात जुडी महाग होते आणि लोक कळ्यांवरची झाडं उपटतात.

उपटण्याबद्दल माझी तक्रार तुमच्याकडे नाही, तुम्ही स्वतःच ती लिहिली आहे. पण हिशेब बघा: चवथीला तोडलेल्या झाडाला अजून बी धरलेलं नसतं. फांदी कापली तर खालून दुसरी फुटते आणि ऑक्टोबरात बी टाकते. मुळासकट गेलं की पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवायचं कारणच राहत नाही. बाजारात बसणाऱ्या बायकांनाही हे कळतं. माझ्या ओळखीची एकजण कोयतीनेच कापते. घाईला असतात ती गाडी घेऊन येणारी, एका सकाळी सडा पालथा घालणारी माणसं. आणि ज्या सड्यावर आता विमानतळ, वसाहत किंवा औद्योगिक शेड उभी आहे, तिथला तर प्रश्नच मिटला.

तोडताना ज्या फुलाच्या गादीतल्या बाहेरच्या दोन-तीन रांगाच उमलल्या आहेत ते घ्या. पूर्ण उमललेलं बांधलं की दुसऱ्या दिवशी झडतं आणि गणपतीच्या डोक्यावर केस पडतात. सकाळी कापा, रात्रभर बादलीत पाण्यात उभं ठेवा, मग केवणीच्या (मुरुडशेंगेच्या) सालीच्या दोराने जुडी बांधा. दीड दिवसाच्या गणपतीला तजेला पुरतो. पाच दिवसांचा असेल तर तिसऱ्या दिवशी जुडी बदला. निम्मी फुलं झाडावर ठेवा, बी तिथूनच येणार.

माटोळी उतरवल्यावर हरणांची जुडी गोठ्यात टाकू नका. सेनेसिओ प्रजातीत यकृताला अपाय करणारी अल्कलॉइडं असतात. एका दिवसात जनावर मरत नाही, पण यकृताचं नुकसान साठत जातं. सड्यावर चरणारी गुरं हरणां सोडून गवत खातात ते उगाच नाही. घरात कोणी काढा करायचा सल्ला दिला तर तोही ऐकू नका.

अजून एक. हरणां मागितल्यावर काही नर्सऱ्यांत एक पसरणारं, चकचकीत पानांचं, पिवळ्या फुलांचं रोप हातात देतात. हॉटेलांच्या हिरवळीच्या कडेला असतं ते, वेडेलिया. तेही याच कुळातलं, अमेरिकेकडून आलेलं, आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मूळ फोडून पसरतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकी जीवांची जी यादी निघाली आहे तीत वेडेलिया आहे, आपली रानमोडी आहे आणि झाडांवर चढणारी मिकानिया वेलही आहे. तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. एकाच घरात किती तऱ्हेची माणसं निघतात बघा. वेडेलिया गच्चीवर आणाल तर दोन वर्षांत नळीतून उतरून शेजाऱ्याच्या परसात जाईल. रानमोडी मात्र परळातही आपसूक येते, कारण तिचंही बी वाऱ्यावर उडतं. तिचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो. बोटभर असतानाच उपटा.

पहिल्या वर्षी फार आशा धरू नका. दहा परळांतले तीन चांगले आले तरी माटोळीपुरती जुडी होते. दुसऱ्या वर्षापासून बी परळात आपोआप पडतं आणि तुम्ही न पेरता मिरगाला उगवतं, फक्त उन्हाळ्यात परळ उलटे करून ठेवू नका आणि झाडूवाल्या बाईंना सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा एप्रिलमध्ये गच्ची स्वच्छ झाली होती.

2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, त्या वर्षाला मेची घाई करायला नको, मिरगाला पेरलं तरी पुरेल. बी मी विकत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवस कोरडे गेले की, कागदी पाकीट घेऊन सकाळी दहाला या. गडग्यावरचे झुपके तुमच्या हाताने काढा, म्हणजे पिकलेलं कुठलं आणि हिरवट कुठलं ते बोटांना कळेल.